कॉफीच्या डब्यातली पेनं

डबा उपडा केला तशी
सगळी पेनं खडखडत टेबलावर सांडली.
आर्लन म्हणाला, टाकून दे, एकही उठत नसेल.
मी म्हटलं, मोजू तरी दे.
आमच्या घरात रडत नाहीत, मोजतात.

बाबा पियानो सुरात लावायचे.
नॉर्थ डाकोटात, जिथे एका गावाहून दुसरं दिसतं
पण दुपार सरली तरी येत नाही,
तिथली चर्चं, शाळा, एखादा बार,
आणि ज्या घरांत आता कुणीच वाजवत नाही ती घरं.
परतताना खिशात एक पेन. फुकटचं.
पियानोच्या आत तारीख घालायचे ती मात्र शिसपेन्सिलीनं.
शाई लाकडात पसरते, म्हणायचे, पेन्सिल गप्प राहते.
मग पेनं कशाला?
फुकट ते पौष्टिक, म्हणून हसायचे.

हे बियाण्याच्या कंपनीचं, मक्याच्या कणसासारखं,
धरलं की अंगठ्याला दाणे टोचतात.
स्पेलिंगच्या चाचणीला मी हेच नेलं होतं.
मिसेस क्वाम म्हणाल्या, हे लिहायचं की उकडायचं?

हे बँकेचं. बँक बुडाली,
'तुमचा पैसा, आमचा शब्द' अजून सोनेरी आहे.

हे हेगनेस आणि मुलगे, अंत्यसंस्कार गृह.
बोधवाक्य नाही, नुसता पत्ता.
बरोबरच आहे.

आणि हे पारदर्शक पोटाचं.
तिरकं केलं की लाल ट्रॅक्टर
तेलातून सावकाश शेत ओलांडतो.
गोवर आला तेव्हा आर्लननं पडल्या पडल्या
आठवडाभर नांगरणी केली होती.
टाकून दे म्हणणारा आता तेच तिरकं करत बसलाय.

मी एकेक लिफाफ्याच्या पाठीवर गिरवून बघते.
ओरखडा. ओरखडा. थोडं जांभळं, मग ओरखडा.
उघडून बघितलं तर नळ्या भरलेल्या,
शाई जागच्या जागी वाळलेली.
बाबांनी यांतलं एकही वापरलं नव्हतं.

रिकामं एकच.
निळं. 'व्हाइटटेल मोटेल, ब्रॅकेट, माँटाना.
प्रत्येक खोलीत रंगीत टीव्ही.'

बाबांच्या वहीत गावं सगळी आहेत,
कुठल्या पियानोची कुठली तार तुटली तेसुद्धा.
ब्रॅकेट नाही.

हे पेन तेव्हा डब्यात नसायचं.
फोनशेजारी दोरीनं बांधलेलं, आईच्या हाताशी.
तिथे दुसरं ठेवलं तर बाजूला सरकवायची.
दूध, यीस्ट, दाढीची पाती, याच पेनानं.
चर्चच्या जेवणाला कोण काय आणणार, याच पेनानं.
माझ्या शाळेला चिठ्ठी, मुलीला ताप आहे.
बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं कार्ड.
बाबा ती यादी घेऊन दुकानात जायचे
आणि यादीत असेल ते सगळं आणायचे,
एकही वस्तू विसरायचे नाहीत.

मग एका सकाळी 'साखर' लिहिता लिहिता
'र' उमटेना.
तिनं झटकलं, तळव्यांत चोळलं, कागद फाटेस्तोवर गिरवलं.
दोरीची गाठ सोडवली. वेळ लागला, गाठ जुनी होती.
डब्यात टाकलं. टण् असा आवाज आला.
संपलं एकदाचं, म्हणाली,
आणि अंडी उकळत ठेवली.
बाबा टोस्टला लोणी लावत होते.
लावतच राहिले.

मी तेव्हा तेरा वर्षांची. मला वाटलं,
पेनाबद्दल बोलतेय.

हे कुठलं गं? आर्लन विचारतो.
माँटानाचं.
माँटानात कुठे जायचे बाबा?

हेगनेस यांचं पेन अजून चालतं, काळंभोर.
त्यानं मी लिफाफ्यावर आकडा लिहिते,
एकशे सदतीस,
आणि खाली एक रेघ ओढते.